पेशी : कोर्टातली, रक्तातली की मांसातली?

वैनगंगाकाठ
आमच्या तालुक्यात सिकलसेलच्या तपासणीवेळी वाटायला चार पानांचं माहितीपत्रक मराठीत करतोय. पहिलंच वाक्य होतं, 'हा आजार रक्तातल्या लाल पेशींचा आहे. पेशीतला हा दोष जन्मापासून असतो.' आरमोरीकडच्या एका गावात आशाताईंनी ते ओसरीवर वाचून दाखवलं. खाटेवरचे आजोबा एकदम उठून बसले. "कोनती पेशी? मी त मांगच्या महिन्यात तहसीलात जाऊन आलो न!" त्यांच्या शेताच्या धुऱ्याचा वाद कित्येक वर्षं चालू आहे. पेशी म्हटलं की त्यांना तारीखच आठवते. कोणी हसलं नाही, कारण बसलेल्या बऱ्याच जणांना तोच अर्थ ठाऊक होता.
'सेल' लिहावं तर तो टॉर्चमध्ये घालतात. 'सिकलसेल' हा अख्खा शब्द सगळ्यांना कळतो, पण तो आजाराचं नाव म्हणून. त्याचा अर्धा तुकडा तोडून वापरता येत नाही. पत्रक पुढच्या आठवड्यात छापायला जाणार आहे. काय लिहू?

शब्दवेडा
पेशीच लिहा. हे दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगानं सारखे दिसतात. कोर्टातली पेशी फारसी, 'पेश' म्हणजे समोर. पेशकार, पेशवा त्याच घरातले. रक्तातली पेशी संस्कृत, मांसाचा गोळा या अर्थाची. सुश्रुतानं शरीरात ५०० पेशी मोजल्या आहेत. एका शब्दाचे दोन अर्थ मराठी माणसाला नवे नाहीत. सोमवारचा वार, तलवारीचा वार, कापडाचा वार, बाळंतपणात पडते ती वार. गोंधळतं का कोणी? आजोबा एकदा दचकले म्हणून शास्त्राचा शब्द टाकून द्यायचा, हे मला पटत नाही.

गोंदियाची माहेरवाशीण
भाऊ, सुश्रुताचा दाखला तुमच्या उलट जातो. त्या ५०० पेशी म्हणजे मांसाचे स्नायू आहेत. सूक्ष्मदर्शक नसताना तो आजच्या अर्थाची पेशी बघणार कशी? आणि त्याचे ९०० स्नायू म्हणजे आपण ज्यांना दोऱ्या, बंध म्हणू ते. मराठीनं दोन्ही शब्द सरकवले. हिंदीनं पेशी जागेवर ठेवली, म्हणून तिकडे 'मांसपेशी' म्हणजे स्नायू आणि आपली पेशी म्हणजे 'कोशिका'.
आमच्या भागात हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही. मध्य प्रदेश, छत्तीसगड हाकेवर. औषधाच्या पुडीवर हिंदी, टीव्ही हिंदी. माझ्या आईला 'मांसपेशियों में दर्द' बरोबर कळतं. तिला 'पेशींचा आजार' सांगितलात तर ती गुडघ्याला तेल लावत बसेल.

लॅबवाली
मी यवतमाळ जिल्ह्यात रक्त तपासते, रोज. शब्द गावात पोचलेला नाही हे मला मान्य नाही. डेंग्यूच्या दिवसांत खिडकीशी उभा प्रत्येक माणूस विचारतो, "ताई, पेशी किती आल्या? दीड लाखाच्या वर हाये ना?" अडाणी म्हणवणारी बाईसुद्धा आकडा पाठ करून जाते. तेव्हा पेशी घरोघर आहे. फक्त ते जिला पेशी म्हणतात ती प्लेटलेट असते, शाळेच्या पुस्तकातली रक्तपट्टिका. आणि ती पूर्ण पेशीही नाही. हाडाच्या मगजातली एक मोठी पेशी असते, तिचे तुटून आलेले तुकडे म्हणजे प्लेटलेट.

वैनगंगाकाठ
ताई, हे वाचून मी अजून अडकलो. म्हणजे 'पेशीत दोष' वाचून अर्धे लोक तहसीलात जाणार आणि उरलेले पपईच्या पानाचा रस काढणार. सिकलसेलच्या लेकराला पाणी भरपूर लागतं, ताप आला तर लगेच दवाखाना लागतो. शब्दानं भलतीकडे नेलं तर ते मला चालणार नाही.

शब्दवेडा
मग 'रक्तकण' लिहा. जुना शब्द आहे, बसेल.

लॅबवाली
याला माझं मत आहे. लाल पेशी तयार होताना आपलं केंद्रक टाकून देते. आत पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकाही उरत नाहीत. हिमोग्लोबिननं भरलेली मऊ पिशवीच ती. तिला कण म्हणण्यात खोटं काही नाही. पण पांढऱ्यांना कण म्हणू नका, त्या चांगल्या जित्या, केंद्रक असलेल्या पेशी आहेत.

पऱ्हाटी
तंतुकणिका! हेच तर दुखणं आहे. मायटोकॉन्ड्रिया म्हणा ना. लयकारिका, रिक्तिका, आंतर्द्रव्यजालिका... दहावीत पाठ केले, बारावीला इंग्रजीत परत पाठ केले. शेतकऱ्याच्या पोराला दोनदा मजुरी. माझ्या बहिणीचं पोरगं बारावीत याच पायी रडलं.

शब्दवेडा
लयकारिका वाईट शब्द आहे? लय करणारी. पेशीतला केरकचरा जिरवते, आणि ते नावातच सांगितलंय. लायसोसोम पाठ करताना पोराला काय कळतं? तंतुकणिकाही तशीच, ग्रीकमध्ये दोरा आणि कण, मराठीतही दोरा आणि कण. ज्यानं हे शब्द घडवले त्यानं एकेका शब्दामागे रात्री घालवल्या असतील. इंग्रजीत पाठ करावं लागतं हा दोष आपल्या शब्दांचा नाही.
आणि 'प्रथिन' बघा. १८३८ मध्ये मुल्डरच्या निबंधात प्रोटीन शब्द आला, सुचवला होता बर्झेलियसनं, ग्रीक 'प्रथम' या अर्थावरून. आपल्या प्रथिनातही प्रथम ऐकू येतो. अर्थ आणि आवाज दोन्ही साधलेला असा दुसरा शब्द मला दाखवा.

पऱ्हाटी
शब्द सुंदर आहे, पण वावरात चालत नाही. आमच्याकडे प्रोटीन म्हणजे तुरीचं वरण, नाहीतर जिमवाल्या पोरांची पावडर. बीटी कापूस २००२ मध्ये आला. तेव्हा मी सांगत फिरायचो की पानात एक प्रोटीन आहे, त्यानं बोंडअळी मरते. एका शेतकऱ्यानं विचारलं, "प्रोटीननं त आंग धरते ना भाऊ, मरते कशी?" बरोबर होतं त्याचं. मग मी पाटीवर अळीचं आतडं काढलं. ते क्राय नावाचं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या अल्कलीधर्मी रसात कापलं जातं, आतड्याच्या पेशीवर ठरावीक जागी चिकटतं आणि तिला भोक पाडतं. माणसाच्या आतड्यात ती चिकटायची जागाच नाही. गुलाबी बोंडअळीनं पुढे हीच चिकटायची जागा बदलून घेतली, आणि २०१७ ला आम्ही बोंडं फोडून फोडून किडकी सरकी पाहिली. ही गोष्ट समजायला प्रथिन की प्रोटीन यानं फरक पडला नाही. 'चिकटतं' आणि 'भोक' या शब्दांनी पडला.

लॅबवाली
हे पटलं. पत्रकातही तेच करा. मी पेशंटला कसं सांगते ते लिहिते. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी, म्हणजे अमिनो आम्लं. सहावा मणी बदललेला, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. एवढंच. ऑक्सिजन सुटला की असे बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतात आणि पेशीत दोरखंड वळला जातो, १४ पदरी. दोरखंड पेशीला आतून ताणतो आणि गोल पेशी इळ्यासारखी होते.
पहिली चाचणी डोळ्यांनी दिसते. नळीत औषधाचं पाणी, त्यात रक्ताचा थेंब, मागे काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. पाणी गढूळ होऊन रेघा बुजल्या की पॉझिटिव्ह, मग पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे विजेवर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीला. मागच्या वर्षी एका मुलीच्या नळीमागच्या रेघा बुजताना तिच्या बापानं माझ्या शेजारी उभं राहून पाहिल्या. त्याला मी पेशी, प्रथिन काहीच म्हटलं नाही. तो म्हणाला, "इळा हाये म्हंजे."

गोंदियाची माहेरवाशीण
हिंदीत यालाच 'दात्र कोशिका' म्हणतात. दात्र म्हणजे इळा. कोणाला कळत नाही.

कोसेकरी
कोशिका शब्द आला म्हणून लिहितो. आमच्याकडे ढिवरांची घरं ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकवतात. हा कोसा म्हणजे कोशच. रेशमाचं संस्कृत नाव कौशेय, तेही त्यातलंच. कोशिका म्हणजे छोटा कोसा. हे आमच्या म्हाताऱ्यांना एका वाक्यात कळेल. रॉबर्ट हुकनं १६६५ मध्ये बुचाच्या कापात जे पाहिलं त्याला छोटी खोली म्हटलं. त्याला कोसा माहीत असता तर त्यानं तेच नाव दिलं असतं, असं मला वाटतं.

शब्दवेडा
हुकच्या त्या खोल्या मेलेल्या होत्या, रिकाम्या भिंती. जित्या पेशीला कोसा म्हणणं म्हणजे घराला कवाड म्हणणं.

कोसेकरी
कोसा रिकामा नसतो, सर. आत जीव असतो. हातात घेऊन हलवला की तो आतल्या आत खळखळतो. बाहेरून लाकडासारखा कडक, एका टोकाला देठ, त्या देठानंच तो फांदीला धरून असतो. आणि ताई, तुमच्या विषयाचंच आहे, तो जवळजवळ पूर्ण प्रथिनाचा. मधला धागा एका प्रथिनाचा, वरचा डिंक दुसऱ्या. आमच्या बाया सोड्याच्या पाण्यात उकळतात तो डिंक सुटावा म्हणून, मग मांडीवर धागा वळतात. आतल्या पाखराला सोडा मिळत नाही. ते तोंडातून रस सोडतं, तो रसही प्रथिनच, देठाकडचा डिंक विरघळवतो, आणि पाखरू बाहेर येतं.

लॅबवाली
प्रथिनानं प्रथिन कापायचं! हे मला माहीत नव्हतं. फुटलेल्या कोशाचा धागा निघतो का मग?

कोसेकरी
सलग नाही. कातून काढतात, जाडा येतो.

वैनगंगाकाठ
छापखान्याचा फोन आला. पहिल्या पानावर 'लाल रक्तकण' आणि 'इळ्यासारखा' असं दिलंय. तिसऱ्या पानावर पांढऱ्या पेशी तशाच राहिल्या. तिथं काही सुचत असेल तर उद्या दुपारपर्यंत सांगा.

गोंदियाची माहेरवाशीण
कोसेकरी भाऊ, मोहाडी-आंधळगावकडे विणणारेही त्याला कोसाच म्हणतात की वेगळं काही? माझ्या आजीचं कोसा लुगडं तिकडचं होतं आणि ती दुसरा कोणतातरी शब्द वापरायची, तो आठवत नाही.