आठव्या वर्षी रग्बी, की आधी कबड्डी?

नेरुळची_आई: मुलगा तिसरीत. सोसायटीतल्या दोन पोरांच्या नादाने रग्बीचं खूळ घेतलंय. मी म्हणते खेळू दे, सासरे म्हणतात आधी पाच-सहा वर्षं कबड्डी, अंग तयार होऊ दे, मग काय हवं ते खेळ. कोण बरोबर? (रविवारी चिखलातून आला, कपडे अजून बादलीत आहेत, लवकर सांगा)

कोपरीचा_रेडर: सासऱ्यांना नमस्कार सांगा. अंगाला अंग लागायची भीती मातीतच जाते. आणि उशिरा सुरू करून काही बिघडत नाही ओ, अमेरिकेचा कार्लिन आइल्स आधी धावपटू होता, 2012 ला सेव्हन्समधे (सात-सात जणांची रग्बी) आला आणि 2016 ला रिओ ऑलिंपिक खेळला. पायात दम पाहिजे, बस.

खारघर_फ्लायहाफ: आइल्स आला का परत! अरे त्याला मोकळ्यात बॉल मिळायचा कारण बाकीचे सहा जण तो आणून द्यायचे. बॉल हाताने पुढे टाकायचाच नाही, पळता पळता मागे द्यायचा, डावीकडे उजवीकडे सारखाच, हे हाताला लहानपणीच बसतं. मी पंधराव्या वर्षी शिकलो, माझा डावीकडचा पास अजून लंगडा आहे. कबड्डीत बॉल कुठाय? वर कबड्डीवाला धरलं की सोडत नाही, इथे पाडल्यावर लगेच सोडावं लागतं. आमच्याकडे एक आलेला, शिट्टी वाजली तरी कमरेची मिठी सुटेना, एका हाफमधे तीन पेनल्टी दिल्या पठ्ठ्याने.

नेरुळची_आई: ते ठीक, पण टॅकल? दात पडले म्हणजे?

खारघर_फ्लायहाफ: ताई एवढ्या पोरांना टॅग रग्बी देतात, कमरेच्या पट्ट्याला दोन रिबिनी, एक ओढली की झाला टॅकल. इंग्लंडमधे पण खरा, धरून पाडायचा टॅकल अंडर-9 ला सुरू होतो. तोही आधी गुडघ्यावर बसून शिकायचा: गाल समोरच्याच्या कुल्ल्याला, डोकं त्याच्या मागच्या बाजूला. डोकं पुढे गेलं की त्याचा गुडघा तुमच्या कानशिलात. स्क्रममधेसुद्धा (दोन्हीकडचे खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात ते) एकोणीसच्या आतल्यांना दीड मीटरपुढे ढकलू देत नाहीत.

कोपरीचा_रेडर: दात वाचतील, पोरगं कंटाळेल त्याचं काय? माझा भाचा सातव्या वर्षापासून एकच क्रिकेट, पंधराव्या वर्षी किट माळ्यावर टाकलं ते टाकलंच.

सीवूड्स_बेचाळीस: मी एक्केचाळिसाव्या वर्षी टच रग्बी सुरू केली, म्हणजे पाडायचं नाही, नुसता हात लावायचा. पहिल्याच रविवारी मांडीमागचा स्नायू गेला, तीन आठवडे ऑफिसचा जिना खेकड्यासारखा आडवा उतरलो. आता पळायच्या भानगडीत पडत नाही. विशीतली पोरं बॉलच्या मागे धावतात, मी बॉल जिथे येणार तिथे चालत जाऊन उभा राहतो. हे मला विसाव्या वर्षी कोणी शिकवूनही कळलं नसतं.

कोपरीचा_रेडर: काका, कबड्डी खेळला असता तर स्नायू गेला नसता.

सीवूड्स_बेचाळीस: खेळलोय. गुडघा तिथेच गेला.

नेरुळची_आई: 😂 सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. बुधवारी कबड्डी, शनिवारी रग्बी ठरलंय. ते स्वतः सोडायला जाणारेत, आणि त्यांच्या कमरेला बसेल असा रिबिनींचा पट्टा कुठे मिळेल ते विचारतायत.