लिगामेंटच्या ऑपरेशननंतर गुडघा लगेच हलवायचा की हाड भरेपर्यंत गप ठेवायचा?

थोरला_भाऊ
धाकट्याचं एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या लिगामेंटचं, ऑपरेशन होऊन आज सोळा दिवस झाले. कबड्डीत पाय मुरगळला होता. मांडीमागची हॅमस्ट्रिंगची दोरी काढून दोन्ही हाडांत बोगदा पाडून बसवलीय, आणि फिजिओ दुसऱ्या दिवसापासूनच पाय हलवायला लावतायत. मला हे पटत नाही. हात मोडला तर आपण सहा आठवडे प्लास्टर ठेवतो की, मग हाडाला भोक पाडल्यावर लगेच हलवायचं कसं? व्यायामाच्या वेळेला त्याचं तोंड बघून आई आत निघून जाते. माझं म्हणणं सहा आठवडे गप ठेवा, मग काय ते करा. चुकत असेल तर कारण सांगा.

विजापूर_रोड
दादा, मोडलेलं हाड हललं तर सरकतं म्हणून प्लास्टर. इथं हाड अख्खं आहे, आतली दोरी स्क्रूनं नाहीतर बटणानं आवळलेली असते आणि हाड तिला धरेपर्यंत तिचा भार त्यांच्यावरच असतो. सांगितलेल्या व्यायामानं ती सुटत नाही.
न हलवल्यावर काय होतं ते मी भोगलंय. बरं वाटायचं म्हणून दोन महिने गुडघ्याखाली उशी घेऊन झोपले, कुणी टोकलं नाही, नंतर पाय पूर्ण सरळच होईना. चटईवर पाय टाकला की गुडघ्याखालून अख्खा हात आरपार जायचा. लंगडत चालायचे, शेवटी आत धरलेलं व्रणाचं जाळं काढायला परत टेबलावर जावं लागलं. त्याच्या गुडघ्याखाली उशी असेल तर आजच काढा. आपली सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली काहीच नको, दहा मिनिटं तसंच सोडायचं, दिवसातून चार-पाच वेळा.

पार्क_मैदान
ताईंचं बरोबर. मी तर पुढं जाऊन म्हणतो नऊ-नऊ महिने थांबवतात तेही जास्त आहे. माझा ग्राफ्ट, म्हणजे बसवलेली दोरी, गुडघ्याच्या वाटीखालची, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे, हाडाला हाड सहा-आठ आठवड्यांत धरतं. साडेपाच महिन्यांत मॅटवर होतो, आज दोन वर्षं झाली, काही नाही. 1990 मध्ये अमेरिकेत शेलबोर्न या सर्जननी लवकर हालचालीची पद्धत मांडली, त्यात पोरं चार-सहा महिन्यांत खेळायची. इथं एक सीझन गेला की भरतीचं वय निघून जातं, ते कोण भरून देणार?

फिजिओ_होटगी_रोड
तुम्ही बरे आहात याचा आनंद आहे, पण हा सल्ला पोरांना देऊ नका, कळकळीनं सांगतो. बोगद्यात हाड धरणं वेगळं आणि त्या दोरीचं लिगामेंट होणं वेगळं. हॅमस्ट्रिंगला तर नुसतं हाडात धरायलाच आठ ते बारा आठवडे लागतात. आणि बसवलेल्या दोरीला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, नव्या रक्तवाहिन्या शिरताना ती आधी कमजोर होते आणि मग वर्षभर, कधी त्याहून जास्त, हळूहळू बदलत राहते. घात इथंच होतो, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सूज उतरलेली, दुखणं गेलेलं, पोरगं म्हणतं मी बरा झालो, आणि दोरी नेमकी तेव्हाच नाजूक असते.
शेलबोर्न यांचा पहिला आग्रह गुडघा लगेच पूर्ण सरळ करण्याचा होता, तो आजही आम्ही पाळतो. खेळायच्या तारखेचं मात्र नंतर वेगळं दिसलं. 2016 मध्ये नॉर्वे-अमेरिकेचा अभ्यास आला, त्यात नऊ महिन्यांपर्यंत खेळणं जितके महिने लांबवलं, तितका दर महिन्याला परत दुखापतीचा दर 51 टक्क्यांनी कमी. शिवाय मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के हवी, एका पायावरची उडी मोजून बघायची. नुसतं कॅलेंडर बघून सोडत नाही आम्ही.
दादा, ऑपरेशनात गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, शिवली होती का ते कागदावर बघा. तसं असेल तर किती वाकवायचं, किती वजन टाकायचं ते सर्जनचंच ऐका. पोटरी सुजून दुखायला लागली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि तंबाखू, सिगारेट बंद, हाड भरायला त्यानं उशीर होतो.

पार्क_मैदान
उडीची टेस्ट मान्य. नऊ महिने अजून पटत नाहीत. ज्याची ताकद सातव्या महिन्यात भरली त्याला का अडवायचं?

फिजिओ_होटगी_रोड
कारण ताकद मांडीची मोजता येते, आतली दोरी किती पिकली ते मैदानावर मोजता येत नाही.

थोरला_भाऊ
कागद बघितला, गादी शिवलीय, 90 अंशापर्यंतच वाकवायचं लिहिलंय. सरळ करायला मनाई नाही, फोन करून विचारलं. उशी काढली. चादर आईनंच गुंडाळून दिली. आत्ता गुडघ्याखाली दोन बोटं जातायत, रविवारी परत बघून इथंच लिहितो.