दवाखान्याच्या ड्यूटीवर लोक अंगावर धावून आले, नंतर जवळ कोण थांबलं? (अनुभव धागा)

सिस्टर_गंगावेश
काल घरात परात पडली. भाचीच्या बारशाची भांडी काढत होतो, वरच्या फळीवरनं पितळी परात सुटली आणि फरशीवर दणकन आदळली. पोरं हसली. मी ओट्याखाली, दोन्ही हात डोक्यावर. जाऊबाईंनी धरून उठवलं तेव्हा कळलं की आपण खाली बसलोय.

अकरा वर्षं झाली त्या रात्रीला. कॅज्युअल्टीची नाईट. पेशंट आणला तेव्हाच गेलेला होता. डॉक्टरांनी नातेवाइकांना सांगितलं आणि किडनी ट्रे माझ्या कानाजवळनं जाऊन भिंतीवर आदळला. मग केस धरले. सगळं मिळून पाच मिनिटं असतील.

सकाळी ऑफिसात पहिला प्रश्न आला, "तू काय बोललीस त्यांना?" ट्रे लागला नाही, हा प्रश्न लागला. अजून लागतो.

आणि आठवतात ते आमचे वॉर्डबॉय मामा. मी ड्रेसिंग रूममध्ये स्टुलावर बसलो होतो. मामांनी आपला मजला दुसऱ्याला सांभाळायला सांगितला, चहा आणला, कप माझ्या हातात ठरत नव्हता म्हणून बशीत ओतून पुढं धरला. बोलले काही नाहीत. सहा वाजेपर्यंत दाराशी बसून गॉजच्या घड्या घालत होते.

तुमच्याजवळ कोण थांबलं? काय उपयोगी पडलं? लिहा, नव्या मुली वाचतात.

कुकरच्या_शिट्ट्या
वाचून घशात आवंढा आला. माझंही आहे. दुपारी लिहिते, पोरांचे डबे व्हायचेत.

आशा_पन्हाळा
मी आशा सेविका. माझं 2020 चं, कोरोनातलं. मुंबईहून आलेल्यांची नावं घ्यायला दारोदार जायचो. एका घरात वही ओढून फाडली, उंबऱ्यावरनं ढकलून दिलं. गुडघा फुटला. घरी मालक म्हणाले सोड ते काम, मिळतंय काय त्यात.
दुसऱ्या दिवशी आमच्या गटप्रवर्तक ताई (आम्हा आशांचं काम बघणाऱ्या) दिराच्या गाडीवर बसून आल्या, एसटी बंद होती. पिशवीत नवी वही. म्हणाल्या चल, त्याच घरापासनं सुरू करू. मी मागं, त्या पुढं. त्या माणसानं मान खाली घालून सगळी नावं सांगितली. शेवटचं नाव त्यांनी मला लिहायला लावलं.
त्याच एप्रिलात साथरोग कायद्यात बदल होऊन आमच्यासारख्या गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर 3 महिने ते 5 वर्षं शिक्षा ठरली होती, हे मला फार नंतर कळलं. ताई आल्या नसत्या तर मी काम सोडलं असतं.

रंकाळा_सकाळी
सिस्टर, "खाली बसलोय" हे आपल्या कोल्हापूरच्या बायकांचं बोलणं वाचलं आणि आईचा आवाज कानात आला. बारा वर्षं पुण्यात काढली, इथं आले-गेले म्हणते, पण आईचा फोन आला की आपोआप आलो-गेलो होतं. विषयाशी संबंध नाही, राहवलं नाही म्हणून लिहिलं.

सिस्टर_गंगावेश
अगं लिही की. आम्ही घरात असंच बोलतो. परातीला पोचा आलाय बघ, सासूबाईंची होती.

रेसिडेंट_नाईट
राउंडच्या आधी पाच मिनिटं आहेत. माझ्या वेळी तक्रारदार मीच. रात्रभर ड्यूटी, मग पोलीस ठाण्यात चार तास. युनिटच्या सिनियर मॅडम माझ्यासोबत बाकड्यावर बसल्या. त्यांनी दोन गोष्टी करून घेतल्या. ठाण्यात जायच्या आधी माझा स्वतःचा केसपेपर काढून एमएलसी (पोलीस केससाठी जखमांची वैद्यकीय नोंद) करायला लावली, कारण सूज उतरली की पुरावा जातो. आणि मी "शिवीगाळ केली" असं लिहिलं होतं ते खोडलं. म्हणाल्या, जी शिवी दिली ती जशीच्या तशी लिही, लाज त्याला वाटू दे.
2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीचा खून झाला त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पत्र काढलंय: ड्यूटीवर हल्ला झाला तर संस्थेच्या नावानं 6 तासांच्या आत एफआयआर, जबाबदारी संस्थाप्रमुखाची. पत्राची प्रत मोबाईलमध्ये ठेवा. मार खाल्लेल्यानंच धावपळ करायची, हे बंद व्हायला पाहिजे. चला, बोलावणं आलं.

पायलट108
मी 108 ॲम्ब्युलन्स चालवतो. शिरोलीच्या पुढं हायवेवर अपघात. गाडी उशिरा आली म्हणून पब्लिकनं काच फोडली, मला खाली ओढलं. पेशंट आत असताना. तसाच चालवत आलो. आल्यावर पहिल्यांदा काचेचा रिपोर्ट मागितला.
घरी काही सांगितलं नाही. सकाळी तालमीत गेलो, जोर मारता मारता रडायला लागलो. वस्तादांनी बाजूला घेतलं, मातीत बसवलं, पाठ चोळून दिली. पाठीत काच घुसलेली त्यांनाच दिसली. पुढं आठवडाभर रोज पहाटे मला उठवायला एक पोरगा घरी पाठवत होते. आमच्यात कुणी असलं बोलत नाही, म्हणून लिहिलं.

सिस्टर_गंगावेश
दादा, बरं केलंत लिहिलंत. वस्तादांना आमचा नमस्कार सांगा.

तेरावी_गल्ली
मी दुसऱ्या बाजूचा. वडील आत होते, दोन तास कुणी बाहेर येऊन एक शब्द सांगितला नाही. मी काउंटरवर हात आपटला, आतल्या मुलीला नको ते बोललो. वडील गेले. तिची माफी मागायची राहिली.

कुकरच्या_शिट्ट्या
दादा, वडिलांचं वाईट वाटलं, मनापासून. दोन तास कुणी काही सांगत नाही हे चूकच, भांडणं तिथंच पेटतात. पण काउंटरवरच्या मुलीलाही आतलं काही माहीत नसतं. माफी तिथं जाऊन मागा. या धाग्यावर आज आमच्या मुलींना बोलू दे.

आता माझं. मी लॅब टेक्निशियन. रिपोर्टला उशीर झाला म्हणून एकानं सॅम्पलचा रॅक माझ्या अंगावर ढकलला. मला लागलं काही नाही, म्हणून सगळ्यांनी "सुटलीस बघ" म्हणून विषय संपवला. पण नंतर दाराकडं पाठ करून मायक्रोस्कोपवर बसता येईना. दर मिनिटाला वळून बघायची. दोन महिने झोप नाही, घरी पोरांवर ओरडत सुटले.
शेवटी एका रविवारी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून 14416 ला फोन लावला. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, रात्री-अपरात्री कधीही, मराठीत बोलतात. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. पलीकडच्या बाईंनी मला मध्ये एकदाही तोडलं नाही. म्हणाल्या, दचकणं, झोप उडणं, तेच तेच डोळ्यांपुढं येणं, हे पहिले काही आठवडे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होतं. महिन्याच्या पुढं राहिलं तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवायचं. मी दाखवलं. आणि इनचार्जना सांगून टेबल फिरवून घेतलं. आता दार समोर दिसतं. टेबल फिरवायला चार माणसं आणि दहा मिनिटं लागली. आधी कुणी का विचारलं नाही, माहीत नाही.
सिस्टर, अकरा वर्षांनी परातीनं दचकलात, तर तुम्हीही एकदा बोला हो कुणाशी तरी.

सिस्टर_गंगावेश
नंबर लिहून फ्रिजवर लावला बघ.

वकील_कसबा_बावडा
महाराष्ट्राचा 2010 चा कायदा ध्यानात ठेवा. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तीवर हल्ला केला तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दखलपात्र, अजामीनपात्र. तोडफोड केली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. खाजगी दवाखान्यालाही लागू, नर्सिंगच्या विद्यार्थिनींनाही. बऱ्याच वेळा तक्रारीत या कायद्याचा उल्लेखच राहून जातो, तो आवर्जून करायला सांगा. आणि "मिटवून टाका" म्हणणारे दुसऱ्याच दिवशी येतात, त्यांच्यासमोर एकट्यानं बसू नका.

जीएनएम_दुसरं_वर्ष
मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सकाळपासून वाचतेय. माझं मागच्या आठवड्यातलं आहे. उद्या अकराला ठाण्यात जबाबाला बोलावलंय. गाव गडहिंग्लजकडं, घरी अजून सांगितलं नाही. एकटीनं जायचंय. काय न्यायचं असतं?

वकील_कसबा_बावडा
बाळ, जबाबासाठी बाईला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179. जिथं राहतेस तिथं येऊन त्यांनी घ्यायचा.

जीएनएम_दुसरं_वर्ष
हॉस्टेलवर पोलीस आले तर सगळ्या बघतील. ठाण्यातच बरं.

वकील_कसबा_बावडा
तुझी इच्छा असेल तर चालतं. केसपेपरची झेरॉक्स, ओळखपत्र घे. जबाब वाचल्याशिवाय सही करू नको. बोललीस ते नसेल लिहिलं तर दुरुस्त करायला लाव.

सिस्टर_गंगावेश
एकटी कशाला जातेस? माझी उद्या सुट्टी आहे. साडेदहाला कावळा नाक्यावर थांब, मी येतो. निळी छत्री असेल माझ्याकडं. आणि आज रात्री आईला फोन कर गं.

पायलट108
सिस्टर, माझी उद्या नाईट आहे, सकाळी मोकळाच. ठाण्याबाहेर थांबतो. लागलं तर हाक मारा.

आशा_पन्हाळा
जेवून जा पोरी. तिथं किती वेळ लागतो सांगता येत नाही.

जीएनएम_दुसरं_वर्ष
हो. साडेदहा. मी लाल सॅक घेऊन उभी असेन.