कृषी केंद्राची देणी थकली आहेत; दावे दाखल होण्याआधी कोणती तयारी ठेवावी?

चोपडा_कृषी
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात माझे बी-बियाणे, खते आणि औषधांचे दुकान आहे. सलग दोन हंगाम कापसाने शेतकऱ्यांच्या हाती फारसे काही लागू दिले नाही, त्यामुळे माझी उधारी गावोगाव अडकली आणि माझीही देणी थकली. जळगावच्या एका वितरकाचे साधारण सहा लाख, तालुक्यातील एका पतसंस्थेचे कर्ज (ज्याला माझे चुलतभाऊ जामीनदार आहेत), एका फायनान्स कंपनीचे विनातारण कर्ज आणि एका खासगी सावकाराचे दीड लाख रुपये देणे आहे. सावकाराकडे माझ्या सहीचे कोरे चेकही आहेत. अद्याप कोणी कोर्टात गेलेले नाही, परंतु तगाद्याचा सूर बदलला आहे. देणे बुडवण्याचा हेतू नाही, फक्त वेळ हवा आहे. घरातील वडीलधारे म्हणतात की तीन एकर शेत पत्नीच्या नावावर करून मोकळे व्हा. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

धुळे_शिरस्तेदार
दिवाणी न्यायालयात नोकरी झालेली असल्याने पहिली गोष्ट आग्रहाने सांगतो: ही सगळी देणी एकाच पिशवीत घालू नका, कारण प्रत्येकाचे कार्यालय वेगळे आणि मुदतही वेगळी आहे. वितरकाचे येणे तीन लाखांच्या वर असल्याने तो व्यापारी दावा ठरेल, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालये कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे त्याला आधी मध्यस्थीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे लागेल. तिथून आलेली नोटीस लोक 'ही काही कोर्टाची नव्हे' म्हणून कपाटात टाकतात. वास्तविक हप्ते बांधून घेण्याची सर्वांत स्वस्त जागा तीच.

दावा दाखल झालाच तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यावी लागते. अशा दाव्यात न्यायालय फार तर १२० दिवसांपर्यंत थांबते, त्यानंतर कैफियत घेतच नाही. बिलांच्या आधारे समरी पद्धतीचा (झटपट निकालाचा) दावा आला तर हजेरीला अवघे दहा दिवस मिळतात, म्हणून कोणत्या प्रकारचे समन्स आहे हे त्याच दिवशी वकिलाला दाखवा. समन्स घेतले नाही की दावा अडतो, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. बेलीफ 'घेण्यास नकार' असा शेरा लिहितो, दाराला नक्कल चिकटवतो आणि प्रकरण एकतर्फी, म्हणजे तुमची बाजू न ऐकता, पुढे जाते.

शेताचा विचार मात्र सोडून द्या. धनकोंना (येणेकऱ्यांना) चुकवण्यासाठी केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून मागता येते, आणि तोवर प्रामाणिक दिसणारा माणूस न्यायाधीशांपुढे लबाड ठरतो.

माजी_वसुली_जळगाव
पतसंस्थेपुरती भर घालतो. ती दिवाणी कोर्टात जाणारच नाही असे धरून चाला. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली तिला सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला (थकबाकी वसुलीचा आदेश) मिळतो आणि त्यानंतर वसुली अधिकारी थेट जप्तीकडे वळतो. दाखल्याआधी सहायक निबंधक कार्यालयातून सुनावणीची जी नोटीस येते, तीच तुमची खरी संधी होय. कारण नंतर कलम १५४ खाली पुनरीक्षण (वरिष्ठांकडून फेरतपासणी) मागायचे तर वसुलीपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात आणि थकबाकीदाराला ते सहसा झेपत नाही.

तेव्हा आताच लेखी अर्ज देऊन, अर्जाच्या प्रतीवर पोच घेऊन, कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागा. दंडव्याज कोणत्या दराने लावले, नोटीस खर्च किती वेळा टाकला, तुमच्या शेअर्सची रक्कम कुठे दिसते आणि पिग्मीतून (रोजच्या बचत ठेवीतून) वळते केलेले पैसे कोणत्या तारखेला जमा धरले, हे पावत्या शेजारी ठेवून ओळीओळीने तपासा. चुलतभावांनाही आजच सांगा. जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच (कर्जदाराइतकीच) असते, आणि तो नोकरदार असेल तर संस्थेची नजर आधी त्याच्या पगारावर जाते. ही बातमी त्यांना कचेरीत साहेबांच्या तोंडून कळली, तर भाऊबंदकीत पुढची वीस वर्षे तोच विषय राहील.

ॲड_बोरीकाठ
सर्वांत नाजूक बाब चेकची आहे. चेक परत गेल्याचे बँकेकडून कळल्यावर ३० दिवसांत सावकाराने नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही रक्कम द्यायची, आणि न दिल्यास पुढच्या एका महिन्यात त्याने चेक न वटल्याबद्दल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची फौजदारी तक्रार करायची, असा क्रम आहे. 'चेक कोरा दिला होता' एवढ्या बचावावर सुटका होत नाही, कारण सही तुमची असेल तर देणे होते असे न्यायालय गृहीत धरते आणि ते खोडून काढणे तुमच्यावर येते. 'स्टॉप पेमेंट' दिल्यानेही हे प्रकरण टळत नाही. म्हणून किती रक्कम हातात आली आणि व्याजापोटी किती परत गेली, याचे टिपण बँक उतारा व फोनपेच्या नोंदींसह आजच तयार करा. त्या व्यक्तीकडे सावकारीचा परवाना आहे का, याची चौकशी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकाराला दिवाणी हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा आदेश) मिळत नाही आणि त्याच्याविरुद्ध तक्रारही तिथेच करता येते.

वितरक मार्चअखेर 'बॅलन्स कन्फर्मेशन'चे (इतकी बाकी मान्य आहे असे) पत्र सहीसाठी पाठवतो, ते डोळे मिटून परत करू नका. मुदत संपण्याआधी सहीनिशी दिलेली कबुली मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तीन वर्षे नव्याने मोजायला लावते. अर्थात तुमचे देणे ताजे असल्याने खरा मुद्दा मुदतीचा नसून आकड्याचा आहे. परत पाठवलेली बियाण्यांची पाकिटे, स्कीमची सूट, न आलेल्या क्रेडिट नोटा (बाकीतून वजावटीच्या चिठ्ठ्या), यांची बेरीज कृषी केंद्रात बहुधा चिल्लर नसते; माल परत पाठवल्याची ट्रान्सपोर्टची बिल्टी (पावती) सापडली तर ती जपून ठेवा आणि सही करायचीच झाली तर तेवढी रक्कम वजा दाखवून करा.

वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही.

यावल_केळीवाला
फायनान्स कंपनीबाबत: करारातील लवादाचे (वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या त्रयस्थाकडे नेण्याचे) कलम शोधा, कारण मुंबई किंवा चेन्नईच्या पत्त्यावरून लवादाचे पत्र येण्याचीच शक्यता अधिक. लवाद कंपनीने एकटीने नेमला असेल तर पहिल्याच पत्राला लेखी हरकत पाठवा. असा हितसंबंधी पक्ष एकतर्फी लवाद नेमू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात म्हटले आहे. गप्प राहिलात तर निवाडा होतो आणि तो हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो. वसुली एजंटांचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याबाहेर आले तर तारीख-वेळ टिपा, रिझर्व्ह बँकेने त्यांना तेवढीच वेळ दिलेली आहे. 'कर्ज निम्म्यात मिटवून देतो' म्हणणाऱ्या एजन्सीच्या नादी मात्र लागू नका. माझ्या मेहुण्याने अशीच एक धरली होती. तिने महिनोनमहिने फी घेतली, कंपनीशी एक पत्रव्यवहारही केला नाही, आणि मधल्या काळात व्याज वाढत राहिले.

चोपडा_कृषी
सर्वांचे मनापासून आभार. शेताचा विषय घरात आज संपवला आणि चुलतभावांशीही बोललो. एक शंका उरते: वितरकाला चांगल्या हेतूने पंधरा-वीस हजार आता पाठवले तर त्याचा तोटा होईल का?

ॲड_बोरीकाठ
पाठवा, परंतु रोख नको. बँकेतून पाठवताना कोणत्या बिलापोटी रक्कम देत आहात ते नोंदीत लिहा आणि त्याच दिवशी पत्रानेही कळवा. करार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे ऋणकोने असे सांगितले आणि धनकोने रक्कम स्वीकारली, तर ती त्याच बिलात धरावी लागते. वाद असलेली बिले तूर्त बाजूला ठेवा आणि ज्यावर तुमची हरकत नाही असे सर्वांत जुने बिल आधी मिटवा.