उरलेल्याचा तिसरा भाग म्हणजे कशाचा?

लेकाचा पाचवीच्या शिष्यवृत्तीचा अभ्यास घेताना काल एका गणितावर दोघंही आपटलो. टाकीतलं 2/5 पाणी सोमवारी वापरलं, उरलेल्याचा 1/3 भाग मंगळवारी. शेवटी 240 लिटर राहिलं. टाकीत एकूण किती होतं? त्याने 2/5 आणि 1/3 यांची बेरीज केली, 11/15. उरले 4/15, म्हणजे 900 लिटर. उत्तर इतकं सुबक आलं की मीही शाबासकी दिली. मागे छापलं होतं 600!

अपूर्णांकांच्या शाब्दिक उदाहरणांनी तुम्हाला कुठे गाठलं, शाळेत की शाळेबाहेर? लिहा.

निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा
'उरलेल्याचा' या एका शब्दावर अर्धा वर्ग गळायचा. मी फळ्यावर लिहिणंच सोडलं. वर्तमानपत्राच्या कागदाचे पाच सारखे भाग करायला लावायचे. दोन फाडून टाका. हातात किती? तीन. त्यांतला तिसरा भाग म्हणजे एक पट्टी, तीही टाका. राहिल्या दोन पट्ट्या, त्या 240 च्या. एक 120 ची, पाच 600 च्या. लसावि काढायची वेळच येत नाही. वरिष्ठ तपासणीला आले की मात्र आम्ही गुपचूप छेद समान करून दाखवायचो.

सोळा आणेवाला
आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी सगळं पाठ. औट म्हणजे साडेतीन, हे नातवंडांना सांगावं लागतं. 1957 पर्यंत रुपयाचे आणे सोळा, त्यामुळे पाव, अर्धा, पाऊण बोटांवर. पण तिसरा भाग आला की पंचाईत: पाच आणे चार पै. आणि खरं सांगू? आठ औट अठ्ठावीस झोपेतही येईल, पण कशाची पाऊणपट करायची ते पाढ्यात नसायचं. तिथे मार खाल्लाच.

बंगळुरूहून
आमच्याकडे अडचण त्याही आधीची. मुलगी 'पावणेतीन' म्हणजे 3 1/4 लिहिते. पाव आणि तीन दोन्ही ऐकू येतात, मग कमी का करायचं? 'साडेदोन'ही तिचंच. ऐकायला गोड वाटतं म्हणून मी दुरुस्त करत नाही, चूक माझीच.

शेतीवाला
शाळा सुटली, गणित सुटलं नाही. आजोबांची सहा एकर, चार भावंडांत चार वाटे, वडिलांना दीड एकर. वडील गेल्यावर आई, भाऊ आणि मी, तीन वारस. बोलता बोलता मी म्हणालो, "माझा तिसरा हिस्सा वेगळा करून द्या." चुलत्यांनी ऐकलं सहा एकरांतला तिसरा हिस्सा, म्हणजे दोन एकर! दोन महिने बोलणं बंद. मी मागत होतो दीड एकरातला तिसरा, म्हणजे 20 गुंठे. शेवटी तलाठ्यासमोर सगळ्या जमिनीचे 240 गुंठे मांडले, त्याचा बारावा भाग माझा, तेव्हा कुठे चहा झाला. (तिथेच पुतण्याने विचारलं, सातबारा म्हणजे बारा भागांतले सात का? नाही रे बाबा, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा.)

चाळीसगावकर
आमच्या जवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आहे, म्हणून 'लीलावती'तले भुंगे सांगतो. थव्याचा 1/5 कदंबावर, 1/3 दुसऱ्या फुलावर, या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, एक भुंगा हवेत भिरभिरतोय. एकूण किती? तिथली इष्टकर्माची रीत मला फार आवडते: सोयीची संख्या धरा. 30 धरले तर 6, 10 आणि 12 गेले, उरले 2. उरायला हवा 1, म्हणून 30 च्या निम्मे, 15. तुमच्या टाकीलाही लावा. 15 लिटर धरा: 6 गेले, उरले 9. त्यातले 3 गेले, उरले 6. खरे 240, म्हणजे 40 पट. 15 गुणिले 40. 'क्ष' लागतच नाही.

धागाकर्ता
बाई, आज पेपर घेऊन बसलो. उत्तर आलं, लेक खूश. पण पाच सारख्या घड्या पडता पडेनात, शेवटची पट्टी बोटभर रुंदच. तो म्हणतो, मग 240 बरोबर कसे? तुम्ही वर्गात कशा घालत होतात?