मदत हवी आहे: स्क्रीन काळी झाली की इंटरनेट रेडिओ गप्प!

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरात साखर पेठेत राहतो. शेजारचे यंत्रमाग सुरू झाले की जुन्या रेडिओवर मीडियम वेव्हला नुसती खरखर. म्हणून आईच्या स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनमध्ये रेडिओचं अ‍ॅप टाकून दिलं. विविध भारती एकदम स्वच्छ लागतं, पण स्क्रीन काळी झाली की थोड्या वेळात आवाज बंद. फोन उघडला की परत सुरू. आता भाकरी थापता थापता पिठाच्या हातांनी ती सारखा फोन कसा उघडणार?

मोबाइलवाला म्हणतो, नेट स्लो आहे. मला पटत नाही. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) स्ट्रीमला तासाला साधारण ५८ एमबी लागतात, आणि त्याच वाय-फायवर व्हिडिओ सुरळीत चालतात. शिवाय स्क्रीन चालू ठेवली तर रेडिओ अजिबात अडखळत नाही. म्हणजे बॅटरी वाचवायला फोनच अ‍ॅप झोपवतोय, असा माझा संशय. बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' (म्हणजे बंधन नाही) केलं, डेटा सेव्हर बंद केला, तरी तेच. अजून कुठे काही दडलेलं असतं का? ऑटोस्टार्ट (आपोआप सुरू व्हायची परवानगी) वगैरे?

जाता जाता आणखी एक. एका स्टेशनची लिंक दाबली की एम३यू फाइल (स्ट्रीमचा पत्ता लिहिलेली छोटी फाइल) नुसती डाउनलोड होते. तिच्यातला पत्ता व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकल्यावर वाजतं, पण मधेमधे तुटतं. नेटवर्क कॅशिंग (वाजवण्याआधी किती वेळाचा आवाज साठवायचा, ती सेटिंग) तुम्ही किती ठेवता?

'नवा फोन घ्या' हा सल्ला सोडून काहीही सांगा.