अनुभव धागा: घरचा स्विमिंग पूल, त्याचं पाणी, औषधं आणि फिल्टर

ह्यूस्टनची_मावशी
काल जावईबापूंनी पूलचा गढूळपणा घालवायचं औषध आणलं. बाटलीमागचं बारीक अक्षर वाचलं तर ॲल्युमिनियम सल्फेट. एकदम आमचा वाडा आठवला. पावसाळ्यात नळाला तांबूस पाणी यायचं. आजी पितळी पिंपात तुरटीचा खडा फिरवायची आणि दटावायची, "रात्रभर कुणी हात घालायचा नाही." सकाळी तळाला गाळ, वर नितळ पाणी. तुरटीने मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि खाली बसतात. पूलमध्येही हेच घडतं. पंप बंद ठेवून पाणी रात्रभर स्थिर ठेवायचं आणि सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर टाकायचा. तो फिल्टरमधून न्यायचा नाही, नाहीतर फिल्टर चोंदतो. आमचा फिल्टर कार्ट्रिजचा (घड्यांच्या कापडाची नळी असते तो), त्याला पाणी थेट बाहेर सोडायची वाट नाही. म्हणून बाटली परत करायला सांगितली. कार्ट्रिज काढून घड्या वरून खाली होजने धुतल्या आणि पंप सलग चालू ठेवला. इथे मार्चमध्ये ओकचे तुरे आणि पिवळा पराग इतका पडतो की धुतलेलं पाणी पिवळंजर्द निघालं. आता पूलच्या तळाच्या निचऱ्याचं झाकण स्पष्ट दिसतंय.

मुलीच्या घरचा हा पूल मीच सांभाळते आणि हे काम मला मनापासून आवडतं. पाणी कसं दिसतं यावर मी जात नाही, मोजूनच बघते. नितळ पाण्यातही क्लोरीन शून्य असू शकतं. नातवंडं त्यात तोंड बुडवतात.

तुमच्याकडे कोण बघतं हे सगळं? पाणी हिरवं झालं तेव्हा काय केलंत? लिहा, लांबलं तरी चालेल.

फिनिक्सवाले_नाना
मावशी, पाणी तपासायला रंग बदलणाऱ्या पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या. पट्टीवरचे रंग आपल्या वयाला नीट ओळखू येत नाहीत.

सगळ्यात आधी पीएच. ७.४ ते ७.६ मध्ये धरा. ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव उरतो. म्हणजे पीएच चढलेला असताना कितीही क्लोरीन ओता, काम निम्मंच. आमच्या ॲरिझोनात पाणी जड. उन्हाळ्यात रोज पाणी उडतं, क्षार मागे राहतात, वरून पुन्हा जड पाणीच भरायचं. टाइल्सवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर हमखास. कॅल्शियम ४०० च्या आत आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) ८० ते १२० ठेवायचा प्रयत्न असतो, आकडे पीपीएमचे, म्हणजे लिटरला मिलिग्रॅम. पीएच उतरवायला म्युरिॲटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) ॲसिड. पंप चालू ठेवून, वारा पाठीकडून घेऊन, हळूहळू सोडायचं. पातळ करायचं असेल तर बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलट कधीही नाही.

चिंचवडचा_पक्या
तुरटी!! आमचे बाबा अजून दाढीनंतर लावतात 😀

कोथरूडची_सई
घरचा पूल नाही, सोसायटीचा आहे. चालेल ना? संध्याकाळी क्लोरीनचा इतका वास येतो की डोळे चुरचुरतात. कमिटीला सांगितलं की क्लोरीन कमी करा.

फिनिक्सवाले_नाना
सई, उलट आहे गं. नुसत्या मोकळ्या क्लोरीनला वास फार कमी. घाम, लघवी, अंगावरचं तेल याच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतं. वास त्याचा आणि डोळेही तेच चुरचुरवतं. अशा वेळी क्लोरीन कमी न करता मोठा डोस देऊन ते जाळून टाकावं लागतं, त्याला इथे शॉक म्हणतात. कमिटीला विचार की 'मोकळं' आणि 'एकूण' दोन्ही मोजता का. पिवळा रंग दाखवणारं साधं किट एकूणच दाखवतं, डीपीडीचं गुलाबी होणारं किट मोकळं वेगळं दाखवतं. आणि उतरण्याआधी सगळ्यांना शॉवर सक्तीचा करा.

कोथरूडची_सई
बापरे. हे तर कुणालाच माहीत नाही इथे. आज मीटिंग आहे, वाचून दाखवते. थँक यू नाना 🙏

नागावचा_वाडीवाला
बोअरच्या पाण्यात लोह. पाणी भरताना काचेसारखं आणि क्लोरीन पडलं की तासाभरात तांबडं. पाहुणे मुंबईहून निघालेले आणि इथे हा रंग. यात घाबरण्यासारखं काही नसतं. विरघळलेलं लोह क्लोरीनने गंजून बाहेर पडतं, इतकंच. आता आम्ही आधी वेगळ्या टाकीत क्लोरीन घालतो, गंज तळाला बसू देतो आणि वरचं पाणी पूलमध्ये घेतो.

फिल्टर वाळूचा आहे. धुतल्यावर दाबाचा गेज १२ पीएसआय दाखवतो, २०-२२ वर गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं. गड्याला एकच नियम पाठ करायला लावला आहे, पंप बंद केल्याशिवाय वरचा दांडा फिरवायचा नाही. चालू पंपावर फिरवला की आतली चकती फाटते आणि मग पाणी गाळण्याऐवजी भलतीकडेच पळतं. बॅकवॉश झाला की थोडा वेळ रिन्स, मगच फिल्टर. रिन्स टाळलं की राहिलेली घाण परत पूलमध्ये येते. ते पाणी खड्ड्यात दोन दिवस उन्हात ठेवून माडांना सोडतो.

पावसाळ्यात पूल बंद ठेवणाऱ्यांनी कृपा करून पंप चालू ठेवा. कोणी पोहत नसलं तरी. पावसाने क्लोरीन पातळ होतं, सावलीच्या भिंतीला शेवाळ धरतं आणि थांबलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास. शेजारच्या बंगल्याचा पूल जुलैत सोडून देतात, त्रास अख्ख्या आळीला.

बदलापूरची_मीनल
नागाव म्हणजे तुमच्याकडे सुपारीची वाडी आहे का? आम्ही मेमध्ये येतोय, चार जण. घरगुती जेवण मिळेल का कुठे?

नागावचा_वाडीवाला
मिळेल. पोपटीचा हंगाम मात्र थंडीत असतो, मेमध्ये आंबा-फणस.

निवृत्त_आरोग्यसेवक
सातारा जिल्ह्यात नोकरी झाली. पूल नाही, विहिरी. पण काम तेच. गावची विहीर म्हटली की टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, हजार लिटरला ५ ग्रॅम. घेर आणि पाण्याची खोली मोजून लिटर काढायचे. पावडर तशीच टाकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी विहिरीत सोडायची. तासभर पाणी उपसायचं नाही. मग ओटी टेस्ट, थेंब टाकून पिवळ्या रंगावरून क्लोरीन बघायचं. गावाच्या टोकाच्या नळाला ०.२ पीपीएम तरी दाखवलं पाहिजे. लोक म्हणायचे पाण्याला वास येतो, चहा बिघडतो. पण साथीत गेलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे कुणाचं ऐकलं नाही.

मावशींचं 'मोजूनच बघते' वाचून फार बरं वाटलं. पूलवाल्यांनीही आधी लिटर काढावेत. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले हजार. त्याशिवाय डोस म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

ह्यूस्टनची_मावशी
आरोग्यसेवकदादा, नमस्कार. आमचा पूल पन्नास हजार लिटरच्या आसपास. १० टक्क्यांचं पातळ (द्रव) क्लोरीन अर्धा लिटर घातलं की पातळी १ पीपीएमने वाढते. अल्कलिनिटी १० ने चढवायला खाण्याचा सोडा ८५० ग्रॅम. हो, तोच, ढोकळ्यातला. मोठी पिशवी आणते, तो आणि स्वयंपाकाचा एकच.

आणि क्लोरीन सूर्य मावळल्यावरच घालते. दिवसा घातलं तर ऊनच खाऊन टाकतं. उन्हापासून ते टिकावं म्हणून पाण्यात थोडं सायन्युरिक ॲसिड लागतं, ३० ते ५० पीपीएम.

फिनिक्सवाले_नाना
५० च्या वर मात्र जाऊ देऊ नका. फ्लोटरमधल्या (पाण्यावर तरंगणाऱ्या डबीतल्या) त्या पांढऱ्या क्लोरीनच्या गोळ्या ट्रायक्लोरच्या असतात. त्या विरघळताना वजनाच्या निम्म्याहून जास्त सायन्युरिक ॲसिड मागे ठेवतात. ते उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. वाढत गेलं की क्लोरीन दाखवतं ३ आणि पाणी तरी हिरवं. उपाय एकच, पाणी काढून नवं भरणं.

आणि सगळ्यांनी हे वाचा: या गोळ्या आणि कॅल्शियमवाली दाणेदार क्लोरीन पावडर एका डब्यात, एका मापाने, एका फ्लोटरमध्ये कधीच नाही. आग लागते. ॲसिड आणि क्लोरीन एकमेकांशेजारी ठेवू नका, मिसळलं तर विषारी वायू.

डॅलसचा_मन्या
टेक्ससमधल्या फेब्रुवारी २०२१ च्या त्या थंडीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून?? वीज गेली. पाणी गोठायला लागलं की पंप आपोआप चालू राहावा अशी सोय असते, पण विजेशिवाय ती काय करणार. आम्ही हेडलॅम्प लावून पंप, फिल्टर, हीटर सगळ्यांचे तळाचे बूच काढले आणि पाणी सांडू दिलं. पाणी आत गोठून फुगलं की पाइप फुटतातच. गल्लीत कितीतरी जणांचे फुटले, मग दुरुस्तीला माणूस मिळेना. आमचे वाचले. घरातलं नळाचं पाणीही गेलं, तेव्हा वरचा बर्फ फोडून पूलमधून बादल्या भरल्या आणि संडासात ओतल्या. शेजारचे आजोबा बादली घेऊन आले, त्यांनाही दिलं. बायकोने गॅसवर खिचडी टाकली, दोन्ही घरं जेवली.

केटीची_ताई
आम्हीपण. आठवून अंगावर काटा आला. 😔 त्याच वर्षी उन्हाळ्यात क्लोरीनच्या गोळ्या मिळेनात, आठवतं का? लुइझियानातला कारखाना २०२० च्या लॉरा वादळानंतर जळला होता. तेव्हापासून आम्ही पातळ क्लोरीनवर आलो ते कायमचे. लागेल तेवढंच आणायचं, उन्हाळ्यात गॅरेजमध्ये त्याचा जोर उतरतो.

मावशी, तुम्ही ह्यूस्टनच्या कुठल्या भागात? मेतकूट घरी केलंय, हवं का?

ब्रिस्बेनची_अनघा
इकडे बरेच पूल मिठाचे. क्लोरीन नाही असं लोकांना वाटतं, पण यंत्र मिठातूनच क्लोरीन बनवतं. मीठ लिटरला ३ ते ४ ग्रॅम, समुद्रात ३५. या पद्धतीत पीएच सारखा वर सरकतो, म्हणून ॲसिड लागतंच. यंत्राच्या सेलमधल्या (क्लोरीन बनतं त्या भागातल्या) धातूच्या पट्ट्यांवर पांढरं साचलं की पातळ ॲसिडमध्ये बुडवून ठेवायचं, खरवडायचं नाही. सकाळी जाळीत बेडूक सापडतात, त्यांना उचलून बागेत सोडणं हे लेकाचं काम. क्वीन्सलँडमध्ये कुंपण कायद्याने लागतं, किमान १२०० मिलिमीटर उंच, आणि दार आपोआप बंद होणारं. भारतात फार्महाऊसवर हे कुणीच करत नाही, पोटात गोळा येतो बघून.

नागावचा_वाडीवाला
अनघाताई, बरोबर. आम्ही यंदा जाळीचं दार बसवतोय.

चिंचवडचा_पक्या
हळदीने पीएच कळतो ना? शाळेत केलं होतं

निवृत्त_आरोग्यसेवक
बाळा, हळद लाल व्हायला पीएच साडेआठच्या आसपास जावा लागतो. आपल्याला ७.२ ते ७.८ मधला फरक हवा. तिथे किटमधलं रंग बदलणारं फिनॉल रेडच.

केटीची_ताई
एक राहिलंच. मुलांना डोक्याला खोबरेल चोपडून पूलमध्ये सोडू नका हो. कार्ट्रिजच्या घड्यांत तेल आणि सनस्क्रीन बसलं की नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी तेल काढणाऱ्या द्रावणात रात्रभर भिजवायचं, मग धुवायचं, क्षार असतील तर त्यानंतर ॲसिड. तेल न काढता ॲसिड टाकलं तर तेल आतच पक्कं होतं. प्रेशर वॉशर नको, कापड फाटतं.

कोथरूडची_सई
गणपती विसर्जन पूलमध्ये करता का तुम्ही परदेशात?

ह्यूस्टनची_मावशी
नाही गं. शाडूची माती इतकी बारीक की फिल्टर लगेच भरतो. आम्ही मोठ्या घंगाळात करतो आणि माती गुलाबांना घालतो. मीटिंगमध्ये काय झालं ते सांग.

केटीच्या ताई, मी शुगरलँडला. मेतकूट हवंच! शनिवारी या, येताना तुमचं थेंबांचं किट आणा, माझ्या पट्ट्यांशी ताडून बघू.

केटीची_ताई
शनिवारी नक्की. यांनाही आणते, तुमच्या पंपाच्या झाकणाची रबरी रिंग सुकलीय का ते बघतील.